सक्तमजुरी, दंड आणि ‘दंड न भरल्यास’

जिल्हा पानावर कोर्टाची बातमी ठरलेल्या साच्यात येते. ‘न्यायालयाने आरोपीस सात वर्षे सक्तमजुरी व दहा हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने साधी कैद अशी शिक्षा सुनावली. अन्य दोन कलमांखाली प्रत्येकी तीन वर्षे सक्तमजुरी. सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत.’ खाली सरकारी वकिलांचं नाव, पैरवी अधिकाऱ्याचं नाव, संपली बातमी. वाचणारा सात, तीन आणि तीन यांची बेरीज करून तेरा म्हणतो. प्रत्यक्षात तो माणूस तेरा वर्षं आत राहणार नसतो. बहुतेक वेळा पूर्ण सात वर्षंसुद्धा नाही. उलट पदरी दहा हजार नसतील, तर सातावर आणखी काही महिने बसावं लागेल. या दोन-तीन ओळींत शिक्षेचं निम्मं शास्त्र दडलेलं आहे आणि बातमी ते कधीच उलगडून सांगत नाही.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या चौथ्या कलमात शिक्षांचे सहा प्रकार दिले आहेत: फाशी, जन्मठेप, कैद (सक्तमजुरीची किंवा साधी), मालमत्ता जप्ती, दंड आणि समाजसेवा. शेवटचा प्रकार नवा, बाकीचे जुनेच. जुन्या यादीतून गळालेलेही काही आहेत. काळ्या पाण्याची शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीने गेली आणि तिची जागा जन्मठेपेने घेतली. त्याच वर्षी फटक्यांची शिक्षाही कायद्याने बंद झाली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षं आपल्या कायद्यात फटके होते, हे आज अनेकांना खरं वाटणार नाही. मालमत्ता जप्ती ही शिक्षा यादीत असली, तरी फार थोड्या कलमांत आहे. सामान्य फौजदारी कोर्टात ती दिसत नाही म्हटलं तरी चालेल.

हे सगळं अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी. त्याखालच्या मुलांचा कायदा वेगळा, मंडळ वेगळं. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर ‘तीनशे शब्दांचा निबंध ही काय शिक्षा झाली?’ असा संताप उसळला होता. संताप समजण्यासारखा होता, पण निबंध ही शिक्षा नव्हतीच. ती बाल न्याय मंडळाने जामिनासाठी घातलेली अट होती. जामिनाची अट आणि शिक्षा यांची सरमिसळ आपल्याकडे रोज होते, अगदी बातम्यांतही.

शिक्षा सुरू होते ती दोषी ठरल्यावर, आणि या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. सत्र खटल्यात न्यायाधीश आधी ‘दोषी’ म्हणतात, मग शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं ऐकून घेतात. ‘शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का?’ असं विचारलं जातं. बऱ्याचदा उत्तरही ठरलेलं असतं: पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, पोरं लहान आहेत, कमावता मी एकटाच. सरकारी वकील उठून कडक शिक्षेची मागणी करतात. ही काही मिनिटांची देवाणघेवाण औपचारिक वाटते, पण शिक्षा ठरते ती इथेच. कारण आपल्या कायद्यातली बहुतेक कलमं फक्त वरची मर्यादा सांगतात. ‘सात वर्षांपर्यंत’ म्हणजे सात महिनेही चालतील आणि सात वर्षंही. मधलं सगळं न्यायाधीशांच्या हातात. काही गुन्ह्यांना मात्र कायद्यानेच खालची मर्यादाही घातली आहे. बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. संघटित गुन्हेगारीच्या मोक्का कायद्यात बहुतेक कलमांखाली किमान पाच वर्षं कैद आणि किमान पाच लाख रुपये दंड आहे. तिथे पोराबाळांचं सांगून फार तर वरचा आकडा खाली येतो, खालचा हलत नाही.

कोर्टाच्या पायरीनुसारही मर्यादा आहेत. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. सत्र न्यायाधीशांना कायद्यातली कोणतीही शिक्षा देता येते. फाशी दिली, तर मात्र उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी होत नाही.

आता कैदेकडे येऊ. सक्तमजुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खडी फोडणारा पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला कैदी येतो. ती सिनेमाची देणगी. आज सक्तमजुरी म्हणजे कारागृहाने नेमून दिलेलं काम: सुतारकाम, यंत्रमाग, शिवणकाम, बेकरी, शेती, स्वयंपाकघर. साध्या कैदेतल्या माणसावर कामाची सक्ती नसते, पण इच्छा असेल तर त्यालाही काम मिळतं. बरेच जण ते मागून घेतात, कारण बराकीत नुसतं बसून दिवस जात नाही. या कामाची मजुरी मिळते. कैद्याला रास्त मजुरी दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्पष्ट केलं आणि त्यातला काही वाटा गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला काढण्याचा कायदा राज्यांनी करावा, असंही सुचवलं.

कैदेचं सगळ्यात लहान रूप मजेशीर आहे. ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’ अशी शिक्षा झालेला माणूस दिवसभर कोर्टातच बसून राहतो आणि संध्याकाळी न्यायाधीश उठले की घरी जातो. चेक न वटल्याच्या प्रकरणांत ही शिक्षा बऱ्याचदा दिसते, कारण तिथे खरा भर चेकचे पैसे परत मिळवून देण्यावर असतो. दुसऱ्या टोकाला एकांतवास आहे. तो सक्तमजुरीच्या शिक्षेचा भाग म्हणून कोर्ट देऊ शकतं, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही आणि एका वेळी चौदा दिवसांपलीकडे नाही.

बातमीतला आकडा आणि प्रत्यक्षातली कैद यांत फरक कसा पडतो, हे पाहायला संजय दत्तचं उदाहरण सोयीचं आहे, कारण त्याचा हिशेब सगळ्या देशाने पाहिला. शस्त्रास्त्र कायद्याखालची त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. खटला चालू असताना त्याने आधीच सुमारे दीड वर्ष तुरुंगात काढलं होतं. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तसे त्याचेही झाले. उरली साडेतीन वर्षं. मे २०१३ मध्ये तो शरण आला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून बाहेर पडला, म्हणजे मुदतीच्या सुमारे आठ महिने आधी. ही चांगल्या वर्तणुकीची माफी. कारागृहाचे नियम पाळले, नेमलेलं काम केलं, तर दर महिन्याला काही दिवस माफी जमा होत जाते. मधल्या काळात त्याला मिळालेल्या रजांवरून ओरड झाली. त्या रजाही नियमांतल्याच, फक्त त्या दोन जातीच्या असतात. संचित रजा म्हणजे फर्लो. ती ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळते आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. ती आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी मिळते आणि ते दिवस नंतर भरून काढावे लागतात. नटाला रजा चटकन मिळते आणि खेड्यातल्या कैद्याचा अर्ज पोलिस ठाण्याच्या अहवालासाठी पडून राहतो, ही तक्रार खरी असू शकते. पण ती अंमलबजावणीबद्दलची तक्रार झाली.

‘सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या’ याचा अर्थ सगळ्या शिक्षांची घड्याळं एकाच दिवशी सुरू होतात. सात, तीन आणि तीन एकत्र चालल्या की सर्वांत मोठी संपेपर्यंत आत, म्हणजे सात. कोर्टाने ‘एकापाठोपाठ एक’ म्हटलं असतं, तर तेरा झाली असती. बातमीत हे शेवटचं वाक्य कधी जागेअभावी गळतं आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तेरा वर्षांची चर्चा होते.

दंडाचं प्रकरण वरवर साधं दिसतं, पण माझ्या मते सगळ्या शिक्षांत जास्त असमान हीच आहे. दंड न भरल्यास किती कैद द्यायची, याचंही गणित आहे. त्या गुन्ह्याला जितकी कमाल कैद, तिच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा दंडाच्या बदल्यातली कैद नऊ महिन्यांवर जाऊ शकत नाही. दंड अर्धामुर्धा भरला, तर कैदही त्या प्रमाणात घटते. हजार रुपये दंड आणि तो न भरल्यास चार महिने कैद असेल आणि पहिल्या महिन्यात साडेसातशे भरले, तर महिना संपताच सुटका. दंड वसूल करण्याची मुदत सहा वर्षांची, आणि शिक्षा झालेला माणूस मेला तरी त्याच्या मालमत्तेवरची जबाबदारी संपत नाही.

मुख्य कैदा एकत्रित भोगता येतात, पण दंड न भरल्याच्या कैदा एकत्रित भोगता येत नाहीत. २०१८ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. मोक्काखाली जन्मठेप झालेल्या एका माणसाला सरकारने शिक्षेत सूट दिली होती, पण निरनिराळ्या कलमांखालचा लाखांचा दंड तो भरू शकत नव्हता. त्यामुळे जन्मठेप संपली, तरी दंडाच्या बदल्यातली वर्षं शिल्लक राहिली. या कैदा एकत्र चालवायला न्यायालयाने नकार दिला, पण त्यांची मुदत मात्र कमी केली. दहा हजार ही रक्कम एकाला एका संध्याकाळचं हॉटेलचं बिल असते आणि दुसऱ्याला सहा महिन्यांची कैद. हे सरकारलाही उमगलेलं दिसतं. २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, त्यात दंड भरायला २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. म्हणजे कोर्ट दंड लावतं, तो सरकारकडे जातो आणि सरकारच तो भरायला पैसे देतं. हसावं की रडावं कळत नाही, पण माणूस सुटतो.

नव्या संहितेतली समाजसेवेची शिक्षा या कोंडीतून एक वाट काढते, पण फार अरुंद. मोजक्या सहा गुन्ह्यांनाच ती आहे. त्यांत दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणं आहे, अब्रुनुकसानी आहे आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे किरकोळ चोरी. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेचीच शिक्षा द्यायची आहे. ही तरतूद उत्तम आहे. मोबाइल किंवा सायकल चोरलेल्या विशीतल्या पोराला बराकीत सराईतांच्या शिकवणीला पाठवण्यापेक्षा ती केव्हाही बरी. मात्र समाजसेवा म्हणजे समाजाला उपयोगी पडेल असं बिनमोबदला काम, एवढंच कायदा सांगतो. कोणतं काम, किती तास, देखरेख कोणाची, यावर संहिता गप्प आहे. सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची, तर हजेरी कोण घेणार? आधीच निम्म्या जागा रिकाम्या असलेल्या दवाखान्यातला कारकून?

खरं तर तुरुंगाला पर्याय आपल्या कायद्यात १९५८ पासून आहे आणि फारसा कोणाला ठाऊक नाही: परिविक्षा अधिनियम. लहान गुन्ह्यात, आधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं. किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. त्या काळात परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख असू शकते. बंधपत्र मोडलं, तर पुन्हा कोर्टासमोर उभं राहायचं. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे, तिथे ही सवलत नाही. वय एकवीसच्या आत असेल, तर उलटा नियम लागतो. कैद का देतो, याची कारणं न्यायाधीशांनाच लिहावी लागतात. शिवाय अशा सुटकेनंतर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. तरुण आरोपीच्या वकिलाने हा अर्ज केलाच नाही, असं होऊ नये. पण होतं.

गैरसमजांचा खरा डोंगर उभा आहे तो जन्मठेपेवर. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हे वाक्य रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. त्याहून जुन्या पिढीत ‘वीस वर्षं’ म्हणायचे. वीसचा प्रश्न गोपाळ गोडसे यांच्यामुळे सुटला. गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ साली त्यांना जन्मठेपेची (त्या वेळच्या काळ्या पाण्याची) शिक्षा झाली. तुरुंगात काढलेला काळ आणि कमावलेली माफी मिळून वीस वर्षं झाली, तेव्हा आता सोडा, असा त्यांचा दावा होता. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. कायद्यातला वीस वर्षांचा आकडा आहे तो फक्त अपूर्णांकाच्या हिशेबासाठी. एखाद्या गुन्ह्याला ‘जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा’ असेल, तर निम्मं कशाचं काढायचं, हे ठरवायला. सरकारने सूट दिली तरच माणूस त्याआधी बाहेर येतो. गोडसे १९६४ साली सुटले.

चौदाचा आकडा आला १९७८ मध्ये. ज्या गुन्ह्याला फाशीही देता येते, अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर सरकार कितीही उदार झालं तरी प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, असा तो नियम आहे. माफीचे दिवस त्यात धरायचे नाहीत. म्हणजे चौदा ही सुटकेची तारीख नव्हे. त्याआधी अर्जाचा विचारसुद्धा नको, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सोडायचं की नाही, हे राज्य सरकार गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ठरवतं आणि महाराष्ट्रात त्यासाठी वर्गवारी आहे. काही गुन्ह्यांत चौदानंतर विचार होतो, काहींत त्याच्या कितीतरी पुढे.

‘राज्य सरकार’ म्हणजे कोणत्या राज्याचं, हाही वाद झाला. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलीतल्या एका सामूहिक अत्याचाराचा आणि हत्यांचा खटला मुंबईत चालवला गेला होता. तिथे जन्मठेप झालेल्या अकरा जणांना २०२२ मध्ये गुजरात सरकारने सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा जिथल्या कोर्टाने दिली, त्या राज्याचं सरकार, म्हणजे महाराष्ट्र, याबाबत निर्णय घेऊ शकतं, गुजरात नव्हे, असं न्यायालय म्हणालं.

दुहेरी, तिहेरी जन्मठेपेबद्दलही असाच गैरसमज आहे. आयुष्य एकच असल्यामुळे या शिक्षा एकापाठोपाठ भोगता येत नाहीत, हे २०१६ मध्ये घटनापीठाने सांगितलं. मथळ्यात तिहेरी शब्द भारदस्त दिसतो, एवढंच. जन्मठेप खरोखर लांबते ती दोन मार्गांनी. २०१३ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक अत्याचाराच्या काही गुन्ह्यांत कायद्यानेच ‘नैसर्गिक मृत्यूपर्यंत’ असं लिहिलं आहे. दुसरं म्हणजे २००८ पासून सर्वोच्च न्यायालयाने फाशी आणि चौदा वर्षांची सुटका यांच्या मधली एक पायरी तयार केली: पंचवीस किंवा तीस वर्षं कोणतीही सूट नाही, अशी जन्मठेप. २०१५ मध्ये घटनापीठाने ती बहुमताने मान्य केली. ही शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकतात, सत्र न्यायालय नाही.

ही मधली पायरी आल्यामुळे फाशीची गरज आणखी कमी झाली, असं माझं मत आहे. फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच द्यायची, हे १९८० पासून ठरलेलं आहे. जन्मठेप भोगताना खून केला तर फाशीच, अशी सक्ती जुन्या संहितेत होती. तीही १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरली. महाराष्ट्रात फाशी येरवडा किंवा नागपूरला होते. राज्यातली शेवटची नागपूरला, ३० जुलै २०१५ रोजी. निकाल आणि फास यांच्यामध्ये मात्र उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, राज्यपाल, राष्ट्रपती असा लांबलचक रस्ता असतो. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींना सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला. त्या अर्जावर सात वर्षांहून जास्त काळ गेला, त्याला सबळ कारण नव्हतं, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली. आता सोडून द्या, ही त्यांची मागणी मात्र मान्य केली नाही. फायलींच्या दिरंगाईवर न्यायालयाने सरकारला सुनावलं, ते योग्यच होतं. दिरंगाई नसती तर शिक्षा वेगळी झाली असती, हेही तितकंच खरं.

या सगळ्या हिशेबात ज्याच्यावर गुन्हा घडला, त्याला काय मिळतं? कायद्यात सोय आहे. दंडाच्या रकमेतून भरपाई देता येते. दंड नसेल, तर दोषी माणसाला वेगळी भरपाई द्यायला सांगता येतं. त्याच्याकडे काहीच नसेल, तर राज्याच्या योजनेतून मदत मिळू शकते. महाराष्ट्रात बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यांतल्या पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. पण निकालपत्राच्या शेवटी भरपाईचा परिच्छेद अनेकदा नसतोच.

यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कडक शब्दांत लिहिलं, तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. एक शेतकरी बायकोबरोबर आपल्या शेताची राखण करत होता. त्याचं कुत्रं जवळून जाणाऱ्यांवर भुंकलं, त्यांच्यातल्या एकाने हातातला लोखंडी पाइप कुत्र्याला मारला, त्यावरून शेतकऱ्याशी बोलाचाली झाली, हाणामारी झाली आणि शेतकरी गेला. खालच्या कोर्टांनी खून धरून जन्मठेप दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून पाच वर्षं सक्तमजुरी केली. मग म्हटलं, की भरपाईचा विचार करणं आणि द्यायची किंवा नाही द्यायची, याची कारणं लिहिणं हे प्रत्येक फौजदारी कोर्टाचं कर्तव्य आहे. खालच्या दोन्ही कोर्टांना ही तरतूद आठवलीच नाही, याबद्दल खेदही व्यक्त केला. तेव्हापासून भरपाईच्या प्रत्येक युक्तिवादात या निकालाचा दाखला दिला जातो. त्या प्रकरणात मात्र इतक्या वर्षांनी पुन्हा खालच्या कोर्टाकडे पाठवण्यात अर्थ नाही, असं सांगून न्यायालयाने विषय तिथेच थांबवला. मयताच्या घरच्यांना भरपाई मिळाली नाही.